जीडीएस फाईल पायथनने लिहिली आणि डीआरसीत ऑफ-ग्रिडचा ढीग आला: लायब्ररी बदलू की कोड?

थरावरथर
नमस्कार मंडळी. विषय जरा खास आहे पण इथे लेआउटवाले आणि पायथनवाले दोन्ही आहेत म्हणून धागा काढतोय. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

मी स्काय१३० या चिप बनवायच्या प्रोसेसवर अष्टकोनी स्पायरल इंडक्टर, म्हणजे वेटोळ्याची कॉइल, काढतोय, सगळ्यात वरच्या मेट५ धातूवर, म्हणजे लेयर ७२ डेटाटाइप २०. पट्टी १.६ मायक्रॉन रुंद आणि दोन पट्ट्यांमधलं अंतरही १.६, कारण त्या थराला दोन्हीची किमान मर्यादा तेवढीच आहे आणि मला कमी जागेत जास्त वेढे बसवायचेत. हाताने काढायचं तर एक वेढा वाढवला की सगळं पहिल्यापासून, म्हणून जीडीएसटीके ही जीडीएस, म्हणजे चिपच्या लेआउटची फाईल, लिहिणारी पायथन लायब्ररी घेतली, साइन-कोसाइनने कोपरे काढले, पॉलिगॉन बनवले, फाईल लिहिली. केलेआउट या लेआउट बघायच्या सॉफ्टवेअरमधे उघडली तर डोळ्यांचं पारणं फिटलं. मग डीआरसी, म्हणजे प्रोसेसचे नियम पाळलेत का याची तपासणी, चालवलं आणि जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावर ऑफ-ग्रिड, म्हणजे कोपरा प्रोसेसच्या जाळीच्या बिंदूवर नाही.

त्या प्रोसेसची ग्रिड ५ नॅनोमीटरची आहे हे मला माहीत होतं, पण लायब्ररी बघून घेईल असं धरून चाललो होतो. मग प्रत्येक एक्स आणि वाय नॅनोमीटरात आणून पाचाने भागला, पायथनचं राउंड लावलं, परत पाचाने गुणला. ऑफ-ग्रिड गेले, पण त्यांच्या जागी दोन नवीन आले. एक, काही तिरप्या कडा नेमक्या ४५ अंशात नाहीत. दोन, तिरप्या भागात रुंदी १.६ पेक्षा कमी. आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे कोनाचे एरर फक्त उजव्या बाजूच्या तिरप्या कडांवर आहेत, डावीकडे एकही नाही, आकृती तर दोन्हीकडे सारखीच आहे!

ओळखीतला एक जण म्हणतो केलेआउटची पायथन लायब्ररी आतून पूर्णांकावर चालते, ती घे, हे प्रश्नच येणार नाहीत. सगळा कोड बदलायच्या आधी विचारतोय, खरंच तसं आहे का?

बहुभुज
लायब्ररी बदलायच्या आधी एक सांगा, कॉइलचं केंद्र कुठे ठेवलंय? नेमका आकडा द्या. आणि राउंड करताना केंद्र मिळवून मग करताय की आधी?

थरावरथर
केंद्र एका ब्लॉकच्या मध्यावर आहे. ब्लॉकची रुंदी ८४.३६५ मायक्रॉन, म्हणून एक्स ४२.१८२५. वाय साधा ३०. आधी केंद्र मिळवतो, मग राउंड. बाहेरची कड केंद्रापासून ५० मायक्रॉनवर आहे.

रात्रपाळी
सापडलं बहुतेक. ८४३६५ हा पाचाच्या पाढ्यात आहे पण त्याचा अर्धा नाही. ४२१८२.५ नॅनोमीटर, म्हणजे पाचाच्या ग्रिडवर तर नाहीच पण एक नॅनोमीटरच्याही ग्रिडवर नाही.

बहुभुज
हो, तेच. थरावरथर, तुमचेच आकडे घेऊन करून दाखवतो, म्हणजे उजवीकडेच का ते दिसेल.

बाहेरचा अष्टकोन, केंद्रापासून सरळ कड ५०००० नॅनोमीटरवर. कोपऱ्याचा दुसरा आकडा ५०००० गुणिले टॅन साडेबावीस, म्हणजे २०७१०.६८. उजव्या वरच्या तिरप्या कडेची टोकं एक्समधे ९२१८२.५ आणि ६२८९३.१८. दुसरं सरळ ६२८९५ ला जातं. पहिलं मात्र ९२१८० आणि ९२१८५ च्या बरोब्बर मधे आहे, आणि पायथनचं राउंड अशा वेळी सम आकड्याकडे झुकतं, म्हणून १८४३६.५ चं १८४३६ होतं आणि एक्स येतो ९२१८०. फरक २९२८५. त्याच कडेचे वाय म्हणजे ८०००० आणि ५०७१०, फरक २९२९०. पाच नॅनोमीटरने कड वाकडी.

आता डावीकडे. टोकं उणे ७८१७.५ आणि २१४७१.८२. इथे सम आकड्याकडे झुकल्यामुळे उणे ७८२० येतो आणि दुसरं २१४७०, फरक २९२९०, वायच्या फरकाएवढाच. म्हणून डावी बाजू सुटली. ती बरोबर होती म्हणून सुटली असं समजू नका, राउंड त्या दिशेला झुकलं एवढंच. शिवाय कोसाइनमधून आलेला ५०००० हा नेमका ५०००० असेलच असंही नाही, शेवटचा बिट इकडेतिकडे झाला तरी निकाल फिरतो. सी++ मधलं राउंड शून्यापासून दूर जातं, त्याने वेगळ्याच कडा मोडल्या असत्या.

त्यामुळे पहिली गोष्ट, केंद्र ग्रिडवर आणा, ४२१८० किंवा ४२१८५, अडीच नॅनोमीटरने इंडक्टरला काहीही फरक पडत नाही. दुसरी, कॉइल स्वतःच्या सेलमधे, म्हणजे नाव दिलेल्या आकृत्यांच्या गटात, शून्य-शून्यभोवती काढा आणि तो सेल मुख्य सेलमधे रेफरन्सने ठेवा, म्हणजे प्रत न करता नुसता नावाने. मग आतल्या आकड्यांचा आणि जागेचा संबंधच राहत नाही.

रुंदीच्या एररवर रात्री लिहितो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

थरावरथर
बापरे. दोन आठवडे मी लायब्ररीत बग शोधत होतो. रात्रीची वाट बघतो.

बाइट_वाचक
बहुभुज रुंदीवर लिहीपर्यंत मी "लायब्ररी बघून घेईल" या वाक्यावर लिहितो, कारण मीही पूर्वी हेच धरून चालायचो आणि एकदा फाईल बाइटनिशी उघडून बघितल्यावरच समज आली. ज्यांना ही फाईल रोज हाताळायचीय त्यांनी एकदा तरी स्वतः छोटा वाचक, म्हणजे ती वाचणारा प्रोग्रॅम, लिहावाच, एका दुपारचं काम आहे.

जीडीएस-दोन हा फॉरमॅट काल्मा कंपनीचा, १९७८ चा. आखणी अगदी साधी. फाईल म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड. प्रत्येक रेकॉर्डच्या सुरुवातीला चार बाइट: दोन लांबीचे, एक रेकॉर्डच्या प्रकाराचा, एक डेटाच्या प्रकाराचा. लांबीत हे चार बाइटही धरलेले असतात. आकडे सगळे बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी. हेक्समधे बघाल तर फाईल ०० ०६ ०० ०२ अशी सुरू होते आणि पुढे आवृत्ती, बहुतेक वेळा ०२ ५८ म्हणजे ६००. सहा बाइट वाचले की हातात फाईल खरंच जीडीएस आहे का ते कळतं.

पुढे युनिट्सचा रेकॉर्ड येतो, वीस बाइटचा, त्यात दोन अपूर्णांक. पहिला म्हणजे फाईलमधलं एक एकक तुमच्या एककात किती, सहसा ०.००१. दुसरा म्हणजे तेच एकक मीटरमधे किती, सहसा एक नॅनोमीटर. हे दोन आकडे ज्या पद्धतीने लिहिलेत ती आजची आयट्रिपलई ७५४ पद्धत नाही, ते मानक १९८५ चं, त्याच्या आधीचा हा फॉरमॅट. आठ बाइट, पहिल्या बाइटमधे एक बिट चिन्हाचा आणि सात बिट घातांकाचे, घातांक १६ चा आणि त्यात ६४ मिळवलेले. उरलेले सात बाइट अपूर्णांक. ०.००१ साठी पहिला बाइट ६२ असतो. ६२ वजा ६४ म्हणजे उणे दोन, १६ चा उणे दोन घात म्हणजे २५६ ने भागाकार, आणि अपूर्णांक असतो ०.२५६. भागून बघा, बरोब्बर ०.००१. मी पहिल्यांदा हे नेहमीच्या डबलसारखं वाचलं आणि काहीच्या काही आकडे आले, अर्धा दिवस त्यात गेला.

आता मुद्दा. पॉलिगॉनचे कोपरे ज्या रेकॉर्डमधे असतात तिथे अपूर्णांक नाहीतच. प्रत्येक एक्स आणि वाय चार बाइटचा चिन्हासहित पूर्णांक. तुम्ही लायब्ररीला ४२.१८२५ द्या नाहीतर ४२.१८२४९९९९ द्या, लिहिताना तिला तो पूर्णांक करावाच लागतो, आणि तो होतो फाईलच्या एककात, म्हणजे १ नॅनोमीटरला. तुमच्या प्रोसेसची ग्रिड ५ आहे हे फाईलमधे कुठेही लिहिलेलं नसतं, लायब्ररीला ते कळणार कसं?

म्हणून केलेआउटची पायथन लायब्ररी घेतलीत तरी हा प्रश्न तसाच राहील, फक्त लवकर दिसेल. तिथे बॉक्स आणि पॉलिगॉन मुळातच पूर्णांकात असतात, त्यामुळे ४२१८२.५ लिहायची वेळ आली की हात थांबतो. हा फायदा मी खरा मानतो. पण पाचाच्या पाढ्यात ठेवणं तुमच्याकडेच.

सहज_विचारते
छान माहिती. एक शंका, चार बाइटचा पूर्णांक म्हणजे साधारण २१४ कोटी. नॅनोमीटरमधे धरलं तर मोठ्या डिझाइनला कमी नाही का पडत?

बाइट_वाचक
२१४ कोटी नॅनोमीटर म्हणजे २.१४ मीटर, शून्याच्या दोन्ही बाजूंना. चिपला भरपूर झाले. पण कोणी प्रिसिजन, म्हणजे फाईलचं एकक, उगाच दहा पिकोमीटर वगैरे लावली की मर्यादा दोन सेंटिमीटरवर येते, आणि मोठ्या वेफरवरचं मांडायला गेलात तर उलटा आकडा येऊन आकृती भलतीकडे उडते.

खरी जाचक मर्यादा दुसरी आहे. रेकॉर्डची लांबी दोन बाइटची, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. त्यातले चार शिरोभागाचे वजा केले आणि एका बिंदूला आठ बाइट धरले तर एका पॉलिगॉनला ८१९१ बिंदू. काही जुने वाचक लांबी चिन्हासहित वाचतात, तिथे हे ४०९५ वर येतं. आणि मूळ मर्यादा तर २०० बिंदूंची. जीडीएसटीके लिहिताना डीफॉल्टने १९९ च्या वर बिंदू गेले की पॉलिगॉन तोडते ते याचमुळे. गोल आकार काढणाऱ्यांना हे हमखास नडतं: जीडीएसमधे वर्तुळ नावाची गोष्टच नाही, सगळं पॉलिगॉन, आणि सहनशीलता, म्हणजे खऱ्या गोलापासून चालणारा फरक, बारीक लावली की बिंदू भसाभस वाढतात, लायब्ररी तुकडे करते, आणि तुकड्यांच्या सांध्यावर परत राउंडिंग.

बहुभुज
आता रुंदी. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्याही लायब्ररीच्या मदतपानावर मला सापडलं नव्हतं, कागदावर बसून काढावं लागलं.

दोन समांतर ४५ अंशाच्या रेषा घ्या. त्यांच्यातलं लंब अंतर १६०० हवं असेल तर आडवं अंतर १६०० गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे २२६२.७४ हवं. पाचाच्या ग्रिडवर हे येऊच शकत नाही, वर्गमूळ दोन अपरिमेय आहे, कुठलीही लायब्ररी आणा. शेजारचे दोन पर्याय: २२६० घेतलंत तर खरी रुंदी १५९८.०६, म्हणजे नियम मोडला. २२६५ घेतलंत तर १६०१.६, चालतं. तुमचं राउंड प्रत्येक कोपरा वेगवेगळा, जवळच्या ग्रिडवर ढकलतं, त्यामुळे काही वेढ्यांना २२६५ मिळतं, काहींना २२६०. हेच दोन पट्ट्यांमधल्या अंतरालाही लागू. तुम्ही रुंदी आणि अंतर दोन्ही अगदी किमान मर्यादेवर ठेवलंत, म्हणजे एका वेढ्याला तिरप्यात ४५२५.४८ मिळणार आणि लागणार किमान २२६५ अधिक २२६५ म्हणजे ४५३०. ते बसणारच नव्हतं.

तर अष्टकोन कोनाने काढूच नका. दोन पूर्णांकांनी काढा. सरळ कड कुठे आहे तो एक, त्याला आर म्हणू. तिरपी कड म्हणजे ज्या रेषेवर एक्स अधिक वाय ठरावीक आहे ती बेरीज, तिला एस म्हणू. कोपरा मग आपोआप आर आणि एस वजा आर. दोन्ही पाचाच्या पाढ्यात असले की कोपरा ग्रिडवर, आणि कड नेमकी ४५ अंशात, कारण दोन टोकांना बेरीज तीच. साइन नाही, कोसाइन नाही, राउंड नाही. उरलेले कोपरे चिन्हं बदलून आणि एक्स-वायची अदलाबदल करून.

बाहेरचा अष्टकोन आर ५००००, एस ७०७१०. कोपरा ५०००० आणि २०७१०. पट्टीची आतली कड आर ४८४००, एस ६८४४५, कोपरा ४८४०० आणि २००४५. पुढच्या वेढ्याला आर ३२०० ने कमी, एस ४५३० ने कमी. यातली मजेची गोष्ट म्हणजे आर आणि एस एकमेकांना बांधलेले नाहीत. सरळ भागात पिच, म्हणजे एका वेढ्यापासून पुढच्याचं अंतर, ३.२ मायक्रॉनच राहतो, फक्त तिरप्या भागात जरा सैल. सहा वेढ्यांनंतर सगळं मिळून फरक २७ नॅनोमीटरचा, अष्टकोन तेवढाच अनियमित होतो. इंडक्टन्सच्या हिशोबात तो दिसणारही नाही.

निळी_पेन्सिल
बहुभुज यांच्या प्रतिसादाला मनापासून +१. वाचनखूण साठवली. मी आजवर यासाठी सगळा लेआउट दोन नॅनोमीटरने फुगवून मर्ज करून परत आकसवत होतो, आणि तरी कुठेतरी सुटायचं.

थरावरथर
काय बोलू, आर आणि एस! उद्या सुट्टी आहे, लगेच लिहितो. तोपर्यंत एक विचारून ठेवतो. सेल वेगळा करून ठेवला तर तो फिरवला की परत तेच होईल का? मला दोन कॉइल आरशातल्यासारख्या समोरासमोर ठेवायच्यात.

रात्रपाळी
९०, १८०, २७० आणि आरसा चालेल, पूर्णांक पूर्णांकच राहतात. ४५ किंवा ३० ने फिरवलास तर नाही. आणि इथे एक बारकावा आहे. रेफरन्सचा कोन आणि मोठं-लहान करण्याचा आकडा फाईलमधे अपूर्णांक म्हणून जातात, आणि प्रत्यक्ष कोपरे कुठे पडणार ते वाचणारं प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः काढतं. म्हणजे ३० अंशाचा रेफरन्स तुझ्या व्ह्यूअरमधे एका नॅनोमीटरवर आणि दुसऱ्याच्या टूलमधे शेजारच्या नॅनोमीटरवर, आणि शेजारीशेजारी चिकटवलेल्या दोन सेलमधे एक नॅनोमीटरची फट. असं करायचंच असेल तर फिरवून, सपाट करून (रेफरन्सच्या जागी प्रत्यक्ष पॉलिगॉन ठेवून), ग्रिडवर आणून, मगच लिही, आणि सांध्यावर तुकडे एकमेकांत थोडे घुसव.

आरशाचा क्रम लक्षात ठेव: आधी एक्स अक्षावर आरसा, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणं, मग जागा. उलटा क्रम धरलास तर ९० अंशाला चित्र उलटं येतं आणि सममित आकृतीत ते लवकर लक्षातही येत नाही. जीडीएसटीकेला कोन रेडियनमधे द्यायचा आणि फाईलमधे तो अंशात जातो, हेही.

माझी स्वतःची चूक सांगतो, अॅरेची. मी एकदा लायब्ररीशिवाय स्वतःच्या स्क्रिप्टने अॅरे रेफरन्स, म्हणजे एकच सेल ओळी-स्तंभांत मांडणारा रेकॉर्ड, लिहिला. त्यात तीन बिंदू असतात: उगम, स्तंभांच्या दिशेचा आणि ओळींच्या दिशेचा. दुसरा बिंदू म्हणजे उगम अधिक स्तंभांची संख्या गुणिले पिच. माझे आठ स्तंभ, पिच १० मायक्रॉन, म्हणजे ८० लिहायला हवं होतं. मी शेवटच्या सेलची जागा म्हणून ७० लिहिलं. वाचणाऱ्याने ७० ला आठाने भागलं आणि पिच झाला ८.७५, सगळे सेल एकमेकांवर चढले. फाईल व्यवस्थित उघडत होती, कुठेही तक्रार नाही. म्हणून आता मी लिहायचं काम लायब्ररीवर सोडतो, बाइट फक्त तपासायला उघडतो.

सहज_विचारते
अॅरे नको, सरळ सगळे पॉलिगॉनच लिहिले तर? हल्ली मेमरी भरपूर असते.

बाइट_वाचक
आकडे मांडूनच बघा ना. एक साधा आयत जीडीएसमधे नेमका ६४ बाइट घेतो: सुरुवात ४, लेयर ६, डेटाटाइप ६, कोपरे ४४, शेवट ४. कोपरे पाच लिहायचे असतात, पहिला शेवटी परत. आता १०२४ बाय १०२४ मेमरी सेलची मांडणी घ्या, एका सेलमधे ५० आयत धरा. सपाट केलं तर ५,२४,२८,८०० आयत, म्हणजे ३३५ कोटी बाइट. तेच अॅरे रेफरन्सने लिहिलं, सेलचं नाव आठ अक्षरी धरलं, तर ५६ बाइट. अधिक त्या एका सेलचे पन्नास आयत.

आणि प्रश्न डिस्कचा नाहीये. पायथनमधे प्रत्येक पॉलिगॉन एक ऑब्जेक्ट झाला की मेमरी कितीतरी पट जाते, आणि नंतर सेलमधे एक कड बदलायची असेल तर दहा लाख ठिकाणी. जीडीएसटीकेत फ्लॅटन, म्हणजे सपाट, केलं की तो सेल जागच्या जागी बदलतो, प्रत मिळत नाही, हे न वाचता मी मूळ रचना एकदा घालवून बसलोय. नुसते पॉलिगॉन मोजायचे किंवा तपासायचे असतील तर गेट_पॉलिगॉन्स वापरा, ती प्रती देते आणि खोलीही ठरवता येते.

निळी_पेन्सिल
दोन फाईली एकत्र करणाऱ्यांसाठी एक इशारा इथेच लिहून ठेवतो. केलेआउटच्या लायब्ररीत एका लेआउटमधे दुसरी फाईल वाचली आणि दोन्हीत एकाच नावाचा सेल असला, तर डीफॉल्टने दुसऱ्यातला मजकूर पहिल्याच सेलमधे ओतला जातो. दोन वेगवेगळ्या लोकांनी आपल्या सेलला इन्व्हर्टर असं साधं नाव दिलेलं असतं आणि मग एकावर एक दोन इन्व्हर्टर. वाचताना पर्याय देता येतो, नाव बदल, वगळ किंवा वरून लिही. मी नेहमी नाव बदल लावतो, मग डॉलर चिन्ह लागलेली नावं दिसली की कळतं कुठे टक्कर झाली. आणि आपल्या सेलच्या नावांना सुरुवातीला काहीतरी वेगळा उपसर्ग द्याच. फक्त नाव लांब नको, जुन्या नियमाने ३२ अक्षरं, अजूनही काही टूल त्याच्या पुढचं कापतात आणि दोन लांब नावं कापल्यावर एकसारखी होतात.

सहज_विचारते
माझा वेगळाच त्रास आहे. स्क्रिप्ट तीच, काहीही बदललेलं नाही, पण दर वेळी बनणारी जीडीएस फाईल गिटमधे बदललेली दिसते. हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा फाईलचा ठसा, वेगळा.

रात्रपाळी
वेळेचा शिक्का. फाईलमधे लायब्ररीच्या सुरुवातीला बदल केल्याची आणि शेवटी उघडल्याची, आणि प्रत्येक सेलच्या सुरुवातीला बनवल्याची आणि बदल केल्याची तारीख-वेळ असते, दोन-दोन बाइटचे बारा आकडे. जीडीएसटीकेच्या लिहिण्याच्या फंक्शनला टाइमस्टॅम्प देता येतो, एक ठरावीक तारीख देऊन टाका. केलेआउटमधे सेव्ह करतानाच्या पर्यायांत ते बंद करता येतं. मग हॅश स्थिर. आमच्याकडे आता प्रत्येक बदलानंतर फाईल परत बनवून हॅश ताडतो, त्यामुळे कोणी नकळत भूमिती बदलली की लगेच दिसतं.

सहज_विचारते
झालं! किती दिवसांचा त्रास होता. आभार. ओअॅसिस फॉरमॅटबद्दलही कोणी सांगाल का, सगळे जीडीएसच का वापरतात मग?

बाइट_वाचक
ओअॅसिस म्हणजे सेमी या संस्थेचं पी३९ मानक, २००० च्या दशकातलं. जीडीएसच्या अडचणी समोर ठेवूनच केलेलं: पूर्णांकाला हवे तेवढेच बाइट, आयताला आणि समलंब चौकोनाला स्वतंत्र रेकॉर्ड, मागच्या आकृतीसारखाच लेयर आणि तीच रुंदी असेल तर परत लिहायची नाही, पुनरावृत्ती कुठल्याही आकृतीला लावता येते, वर झिप-सारखं कॉम्प्रेशन. वर्तुळही आहे. लेयरला नाव देता येतं, जीडीएसमधे फक्त आकडे असतात. मोठ्या फाईलला फरक डोळ्यांत भरतो. जीडीएसटीके आणि केलेआउट दोन्ही वाचतात-लिहितात, त्यामुळे आपापसातल्या देवघेवीला मी तेच वापरतो. जीडीएस टिकून आहे कारण ते वाचायला इतकं सोपं आहे की वाचू न शकणारं टूलच नाही, आणि फाईल पुढे द्यायची असेल तर घेणारा काय मागतो तेच द्यावं लागतं.

निळी_पेन्सिल
मूळ प्रश्नाला माझं उत्तर देतो, कोणती लायब्ररी. जीडीएसपाय या जुन्या लायब्ररीने नवीन काम सुरू करू नका, त्याच लेखकाने पुढे जीडीएसटीके लिहिली, गाभा सी++ चा, खूपच वेगवान. आकृती बनवायला मला तीच हाताला बसते, वाकड्या पट्ट्या, ऑफसेट, बूलियन सगळं नेमकं आहे, परवाना बूस्टचा म्हणून कुठेही वापरता येते. मोठी फाईल घेऊन तपासणी, थरांची वजाबाकी, दोन आवृत्त्यांची तुलना असलं काही असेल तर केलेआउट, त्याच्या रीजनला (पॉलिगॉनांच्या समूहावर काम करणारा क्लास) तोड नाही, पण परवाना जीपीएल आहे, आपला कोड बंद ठेवून वाटणार असाल तर आधी नीट वाचा. फोटॉनिक्सवाल्यांनी जीडीएसफॅक्टरी बघावी, तीही आता आतून केलेआउटवरच उभी आहे. तुमच्या कॉइलसाठी आहे तीच ठेवा.

आणि नुसतं आत काय आहे बघायचं असेल तर सगळी फाईल उघडू नका, जीडीएस_इन्फो सेलची नावं आणि लेयर भूमिती न वाचता देते. तयार आयपी, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला ब्लॉक, जसाच्या तसा चिकटवायचा असेल तर रॉ सेल, तो आतलं काही उलगडतच नाही, त्यामुळे बिघडवूही शकत नाही.

थरावरथर
झालं! सगळ्यांना सांगायला आलो.

कॉइल वेगळ्या सेलमधे, शून्य-शून्यभोवती, आर आणि एस वापरून. कोड आधी नव्वद ओळींचा होता, आता तिसावर आला. मुख्य सेलमधे ४२१८५ वर एक रेफरन्स आणि त्याचा आरसा. ऑफ-ग्रिड शून्य, कोनाचे शून्य, रुंदी आणि अंतर शून्य. मी तीनदा चालवून बघितलं, विश्वास बसेना.

त्यानंतर एलव्हीएसमधे, म्हणजे लेआउट सर्किटशी जुळतो का या तपासणीत, पोर्ट सापडेनात. ती चूक माझीच, पिनांची नावं मी धातूच्याच ७२/२० वर टाकली होती. नाव ७२/५ वर आणि पिनचा चौकोन ७२/१६ वर ठेवल्यावर सापडली. लेयर आकडा एकच आणि डेटाटाइप वेगळा, या जोडीकडे मी लक्षच दिलं नव्हतं, ७२ म्हणजे मेट५ एवढंच डोक्यात.

आणि बाइट_वाचक यांचं ऐकून एक तपासणी लिहिलीय. फाईल लिहून झाली की तीच केलेआउटच्या लायब्ररीने परत वाचतो, कारण तिथे आकडे पूर्णांकात मिळतात, जीडीएसटीकेने वाचलं तर परत फ्लोट, म्हणजे अपूर्णांक, हातात येतात. मग प्रत्येक कोपरा पाचाने भागून बाकी शून्य आहे का बघतो, आणि प्रत्येक कडेला एक्सचा फरक शून्य, किंवा वायचा शून्य, किंवा चिन्ह सोडून दोन्ही फरक सारखे. तिन्हींपैकी काहीच नसेल तर सेलचं नाव आणि कोपरा छापून थांबतो. डीआरसीला जितका वेळ लागतो त्याच्या आधीच कळतं.

रात्रपाळी
भारी! फक्त हे सेलनिहाय तपासतोयस की सगळं सपाट करून? सेलमधे सगळं ग्रिडवर असलं तरी रेफरन्सचा उगम ग्रिडबाहेर असू शकतो, ते सेलनिहाय तपासणीत दिसत नाही.

थरावरथर
सेलनिहाय करत होतो. तुझा प्रतिसाद वाचून रेफरन्सचे उगम आणि अॅरेचे पिच पाचाने तपासायची ओळ घातली, आणि कोन ९० च्या पटीत नसेल किंवा मोठं-लहान केलेलं असेल तर सरळ नापास. लगेच एक सापडलं: पॅडचा रेफरन्स, एक्स १२.५०२५ वर. तोही असाच कशाचा तरी अर्धा घेऊन आलेला.